लंबाई चोवीस

परवा गडचांदूरहून एका आईनं फोनवर मुलीच्या स्कर्टचं माप पाठवलं. "कंबर अठ्ठावीस, लांबी अंदाजे गुडघ्याच्या खाली, बाकी तुम्हाला माहीतच आहे." सोबत फोटो. फोटोत मुलगी सोफ्यावर मांडी घालून बसलेली आणि मांडीवर मांजर. मी तो फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला आणि फोन पालथा ठेवला. गुडघ्याच्या खाली म्हणजे घोट्यापर्यंतचा अख्खा पाय आला. आणि मला काय माहीत आहे? तीस वर्षं झाली सिंदेवाहीच्या या दुकानात बसून, पण मला नेमकं काय माहीत आहे असं या बायांना वाटतं, ते अजून कळलेलं नाही.

धानाची रोवणी सुरू झाली आहे. सकाळी दुकानासमोरून बायांचे घोळके जातात, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, हातात डबे. संध्याकाळी त्याच बाया पायांवर चिखलाचे मोजे चढवल्यासारख्या परत येतात. धानाच्या मुलखात या दिवसांबद्दल लोक फार छान बोलतात. सगळीकडे हिरवं, बांधीबांधीत पाणी, त्या पाण्यात आभाळ वगैरे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र हे दिवस आले की निळा रंग येतो. गडद निळा, शाळेच्या गणवेशाचा. शाळा उघडल्यापासून पंधरा ऑगस्टपर्यंत आमच्या घरात दुसरा रंगच नसायचा. वरणात निळा धागा, अम्मीच्या केसांत निळा धागा, अब्बांच्या दाढीत निळा धागा. दमट हवेत खळीच्या कापडाला एक आंबूस वास सुटायचा. त्यात मशीनचं तेल आणि कोळशाच्या इस्त्रीची वाफ मिसळली, की माझं डोकं चढायचं. आजही चढतं. कापड आता टेरिकॉटचं आहे, इस्त्री विजेची आहे, डोकं तेच आहे.

त्या काळी, म्हणजे नव्वदीच्या मधल्या वर्षांत, दुकान अब्बांचं होतं. मी बारावी होऊन घरी बसलेली, म्हणून दुकानात उभी. अब्बांचा एक नियम होता. बाईमाणसाचं माप ते घ्यायचे नाहीत आणि दुकानात बाई आली की नजर वर करायचे नाहीत. मशीन नाहीतर वही नाहीतर जमीन, या तीनच ठिकाणी त्यांचे डोळे असायचे. त्यामुळे कोपऱ्यात कपाटाच्या आडोशाला एक जुनी चादर टांगलेली होती. चादरीच्या आत मी आणि मुलगी, बाहेर अब्बा मापाची वही घेऊन. मी आतून टेप लावून ओरडायची, "कंबर चोवीस, सीट बत्तीस, लंबाई बावीस", आणि अब्बा लिहायचे. बाहेर बाकावर बसलेल्या दहा बाया ते सगळं ऐकायच्या. कोणाची कंबर किती हे अख्ख्या बाजाराला माहीत असायचं. यात काही चुकतं आहे असं आम्हा बापलेकींच्या कधी मनातही आलं नाही. पडदा लावला होता ना, मग झालं.

पण माप घेणं हे काम टेपचं नाहीच, ते भांडणाचं आहे. माणूस कधी आपलं खरं अंग मापाला आणत नाही. मुलगी आत आली की पहिली पोट आत ओढते. तिला सांगावं, बाई, सोड श्वास, तर ती सोडते आणि टेप जवळ आला की परत ओढते. काही मुली सलवारीवर परकर आणि परकरावर फ्रॉक घालून यायच्या आणि म्हणायच्या, वरूनच घ्या. एक आई मोठीला घेऊन आली आणि म्हणाली, "लहानीचं शिवायचं हाय, हिच्यातून दोन बोटं कमी करा." लहानी कुठे आहे विचारलं तर घरी भात शिजवून राह्यली. धानोऱ्याकडच्या एक मास्तरीणबाई दोऱ्याला गाठी मारून मापं पाठवायच्या. एका मुलीचा एक दोरा, त्यावर दोन गाठी, एक कमरेची आणि एक लांबीची. कुठली कमरेची ते लिहिलेलं नसायचं. लहान मुलींची कंबर आणि लांबी जवळपास सारखीच असते. असे वीस दोरे टेबलावर पसरून मी कितीदा रडकुंडीला आले आहे.

आणि आया. आया आल्या की मापाचं काही खरं नसायचं. मी चोवीस म्हटलं की चादरीबाहेरून आवाज यायचा, "सव्वीस करा, पोरगी वाढून राह्यली." कंबर सैल करा, घेर मोठा ठेवा, खालून चार बोटं कापड आत मुडपून ठेवा, दरवर्षी एकेक बोट सोडता आलं पाहिजे. म्हणजे आज जी मुलगी समोर उभी आहे तिच्यासाठी कोणी शिवतच नव्हतं. दोन वर्षांनंतरच्या मुलीसाठी आम्ही शिवायचो, आणि आजची बिचारी कमरेला सेफ्टी पिन लावून फिरायची. मला त्या मुडपलेल्या चार बोटांचा एवढा राग होता. त्या जाड घडीनं स्कर्टचा खालचा काठ दप्तरासारखा जड व्हायचा, पडायचा नीट नाही, आणि नावं आम्हाला. त्यात शाळेचा नियम, गुडघ्याखाली चार बोटं. कोणाची चार बोटं ते शाळेनं कधी सांगितलं नाही.

अब्बा चिडायचे नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माप दोनदा घ्यायचं. कंबर उभं राहून एकदा आणि मांडी घालून एकदा, कारण पोरी शाळेत टाटपट्टीवर बसतात, खुर्चीवर नाही. आणि शिवून झाल्यावर प्रत्येक स्कर्ट ते टेबलावर मधोमध दुमडायचे, काठाला काठ जुळवायचे आणि वहीतल्या आकड्याशी टेप लावून बघायचे. सुताचा फरक निघाला तरी टीप उसवायची. "अपना माल टेबल पे झूठ नहीं बोलना चाहिए," असं म्हणायचे. त्या टेबलावर त्यांचा फार विश्वास.

एका वर्षी माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं ते प्रज्ञानं. रस्त्यापलीकडच्या गावातली, आठवीतली, काटक अंगाची पोरगी. वडील शाळेत शिपाई, घरची एक-दोन बांधी शेती. शाळेच्या कवायतीत तिचं नाव पहिल्या ओळीत पहिलं लागलं होतं. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर तीच आकडे म्हणणार होती, एक-दोन-तीन-चार. सहावीपासून ती या जागेवर डोळा ठेवून होती, हे तिनंच मला सांगितलं, पहिल्यांदा माप द्यायला आली तेव्हा. तेवढंच एक बोलली. बाकी मापाच्या वेळी लाकडासारखी ताठ. मी कंबर घेतली, लांबी घेतली, ओरडले, "लंबाई चोवीस." अब्बांनी लिहिलं.

आठ दिवसांनी स्कर्ट परत. "ताई, एका बाजूनं खाली येते."

मी टेबलावर टाकून मापला. दोन्हीकडे चोवीस, सुताचाही फरक नाही. तिला घालून उभी केली, तर सरळ. मी म्हटलं, सरळ तर आहे. ती म्हणाली, "इथी सरळ दिसते. शाळेत नाई दिसत." आता याला काय म्हणायचं? आमच्या दुकानात सरळ आणि शाळेत वाकडा, असा स्कर्ट कोणी ऐकला आहे? तरी मी कमरेची पट्टी उसवून पुन्हा बसवली. चार दिवसांनी परत. या वेळी आईही सोबत. तिनं सांगितलं, खेळाच्या बाईंनी पोरीला ओळीतून बाहेर काढून सगळ्यांसमोर स्कर्ट दाखवला. ज्यांचे काठ वाकडे त्यांनी मागच्या ओळीत उभं राहायचं, असं म्हणाल्या. पंधरा ऑगस्टपर्यंत नीट झाला नाही तर आकडे दुसरी मुलगी म्हणणार.

"जुन्यावरूनच शिवा ना ताई," प्रज्ञा म्हणाली. "माप नोका घेऊ."

माझा पारा चढला. माप नको, जुनं घ्या, इथे सरळ, तिथे वाकडा. मी तिला चादरीआड ओढलं आणि खांद्याला धरून म्हटलं, "प्रज्ञा, तू सरळ उभी राहा. वाकडी उभी राहशील तर स्कर्ट वाकडाच दिसेल ना?" हे मी चांगलं मोठ्यानं म्हटलं. बाकावरच्या बाया हसल्या. ती अजूनच ताठ झाली. माप पुन्हा तेच आलं. चोवीस.

मग एका रविवारी ती थेट रोवणीवरून आली, निरोप द्यायला, की स्कर्ट न्यायला आई उद्या येईल. रोवणाऱ्या बायांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकायचं काम तिच्याकडे होतं, म्हणजे दिवसभर बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहायचं. अंगात मागच्या वर्षीचा शाळेचाच स्कर्ट. उजव्या बाजूला काठाला चिखल लागला होता बोटभर. डाव्या बाजूला तीन बोटं.

मी तो चिखल बघत राहिले. बांधीतलं पाणी काही तिरपं उभं राहत नाही. म्हणजे पाणी सरळ होतं आणि स्कर्ट एका अंगाला कलला होता. तिला मी चादरीआड नेलं आणि खाली बसले. मापाच्या इतक्या वेळांत मी कधी तिच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं. कमरेकडे, काठाकडे, टेपकडे पाहिलं होतं. तिची डावी टाच जमिनीला टेकलेली नव्हती. इंचभर वर होती, आणि चवड्यावर ती अशी सहज उभी होती की सांगितल्याशिवाय कळू नये.

"टाच टेकव," मी हळू म्हटलं.

तिनं टेकवली. कंबर डावीकडे खाली गेली आणि तिच्याबरोबर काठही. बस्स. डावा पाय सव्वा इंचानं आखूड होता. जन्मापासून. ती चालायला लागली तशी चवड्यावर चालायला शिकली, आणि माझ्या टेपसमोरही ती चवड्यावरच उभी राहत होती. कवायतीत मात्र टाच आपटावी लागते, तिथे लपवता येत नव्हतं.

बाहेरून अब्बांचा आवाज आला, "बोल बेटा, लंबाई?" रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, बाक भरलेला.

प्रज्ञानं माझं मनगट धरलं. "ताई, मोठ्यानं नोका सांगू," ती म्हणाली. "घरचे सोडून कोणाले मालूम नाई. शाळेत तर कोणालेच नाई."

मी ओरडले, "चोवीस."

खरा आकडा डोक्यात ठेवला. उजवीकडे चोवीस, डावीकडे पावणेतेवीस. नवा स्कर्ट उसवून त्या मापानं डावीकडे थोडं जास्त मुडपलं, सगळी तुरपाई हातानं केली. टेबलावर तो स्कर्ट चांगलाच वाकडा दिसत होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बटणं, हूक आणि अस्तर आणायला चंद्रपूरला गेले. संध्याकाळच्या बसनं परत आले तर अब्बा माझ्यावर नाराज.

"तेरा ध्यान किधर रहता है? वही में चोवीस लिखा है, और एक बाजू पावणेतेवीस. मैंने सही कर दिया. उसकी अम्मी ले गई."

तेरा तारीख होती. कोणाला काय सांगायचं? अब्बांनी काही चूक केली नव्हती. वहीत चोवीस होतं आणि टेबल खोटं बोलत नव्हतं. खोटं मी बोलले होते. आणि खरं बोलले असते, तर ते बाकावरच्या दहा बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलावं लागलं असतं, कारण आमच्याकडे मापं तशीच सांगतात. मला त्या चादरीचा, त्या वहीचा आणि माझ्या घशाचाही संताप आला.

चौदा तारखेला दुपारी ती आली. बाहेर पाणी पडत होतं, चपला तिनं पायरीवर काढल्या. पिशवीतून स्कर्ट काढून टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. डोळे कोरडे होते, पण ओठ दातांत धरलेला. दुकानात पाच-सहा बाया. सगळ्यांना पंधरा ऑगस्टच्या आत कपडे हवे होते आणि सगळ्यांना घाई होती. एक जण म्हणाली, "काऊन व, किती डाव आणतं एक स्कर्ट?" दुसरी म्हणाली, "पोरगीच धडपणी उभी नाई राह्यत, मास्टर काय करन?"

अब्बांनी मशीन थांबवलं. नेहमीसारखे डोळे जमिनीवर. आमच्या दुकानाची फरशी काळी होती, आणि पायरीपासून टेबलापर्यंत त्या पोरीच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. उजवं पाऊल पूर्ण. डावं पाऊल नुसता चवडा. उजवं पूर्ण, डावा चवडा, असं टेबलापर्यंत. अब्बा ते बघत होते. आयुष्यभर जमिनीकडे बघणाऱ्या माणसाला ते वाचायला किती वेळ लागणार? मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मेरी गलती है," अब्बा मोठ्यानं म्हणाले, बाकावरच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं. "आमचा टेबलच टेढा हाय. कल से बोल रहा हूं, पाय के नीचे लाकूड लगाओ."

बाया हसल्या. मास्टरचा टेबल वाकडा, ही गोष्ट त्या दिवशी बाजारात गेली आणि पुढची कित्येक वर्षं लोकांनी अब्बांना त्यावरून चिडवलं. कपडा द्यायला आलं की विचारायचे, टेबल सरळ झाला काय मास्टर? ज्या माणसानं कधी सुताचा फरक सोडला नाही, तो यावर नुसता मान हलवायचा.

मग ते मला म्हणाले, "अंदर ले जा. और ऊपर से नको मापू. जमीन से माप."

मी लाकडी पट्टी घेऊन चादरीआड खाली बसले. प्रज्ञानं दोन्ही टाचा टेकवल्या. पट्टी जमिनीवर उभी धरून मी तिच्याभोवती बसल्या बसल्या सरकत गेले आणि सगळीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूच्या खुणा केल्या. मी तोंड उघडायच्या आत चादरीच्या खालून एक हात आत आला. त्यात मापाची वही होती आणि वहीत पेन्सिल.

"तूच लिख," अब्बा बाहेरून म्हणाले.

मी लिहिलं. त्यानंतर आमच्या दुकानात माप कधी ओरडून सांगितलं गेलं नाही. का, ते आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. काठ खडूच्या रेघेवर आणायला डावीकडे आणखी मुडपावं लागलं आणि उजवीकडे थोडं सोडावं लागलं, आणि सोडायला कापड होतं, कारण प्रज्ञाच्या आईनं चार बोटं आत ठेवायला लावली होती. ज्या चार बोटांना मी जून महिन्यापासून शिव्या देत होते, ती चार बोटं. मला त्याचीही चीड आली. एखाद्या वर्षी तरी या बायांचं चुकावं ना.

पंधरा ऑगस्टला मी मैदानावर गेले. अब्बा हंगामात दुकान सोडून कुठे जात नसत, पण ते माझ्याआधी पोचले होते. शाळेच्या भिंतीला टेकून उभे, गळ्यात टेप तसाच. पहिल्या ओळीत पहिली प्रज्ञा. तिनं टाच आपटली, दोन्ही आपटल्या, आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. आवाज एवढा मोठा, की मला वाटलं, माझ्यापाशी कुजबुजत होती ती मुलगी हीच का? स्कर्टचा काठ जमिनीशी असा समांतर, की जणू पट्टीनं ओढलेला. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. तेच तर तिला हवं होतं.

मी अब्बांकडे पाहिलं. मला वाटलं, डोळे भरले असतील. ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठ बघत होते, पुन्हा उलटे बघत येत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"सब टेढे है," ते म्हणाले.

"कोणाचे?"

"सबके. एक उसका छोड के." त्यांनी बोट दाखवलं. कोणाचा काठ मागून उचललेला, कोणाचा एका कुल्ल्यावर चढलेला, कोणाचा पोटानं पुढून वर गेलेला. तोपर्यंत मला एकही दिसला नव्हता. मग सगळे दिसायला लागले. आमच्याच हातचे, टेबलावर काठाला काठ जुळवलेले स्कर्ट, आणि ओळीत एकीचाही सरळ नाही. जमिनीपासून मापलेला एकच होता.

"कल से सबको बुला," अब्बा म्हणाले. "सबका जमीन से करेंगे."

मी घरून निघताना अम्मीला सांगून आले होते, की आजपासून हंगाम संपला, आता आठ दिवस मला कोणी उठवू नका.